मान हलवायची राहिली

पियानोवर बसलेल्या चिमीला दोन सासरं होती म्हणायला हरकत नाही, आणि टोमणे दोन्हीकडून मिळत.

दुपारी ती सरांच्या वाद्यवृंदात वाजवी. सरांचं संगीत मिनिमलिस्ट, म्हणजे काटकसरीचं. चार-पाच सुरांचा एक तुकडा घ्यायचा, तोच मोजून पुन्हा पुन्हा वाजवायचा, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्यात पुरता रमला की मगच एखादा सूर बदलायचा. कोणाकडून मनाने एखादा सूर जास्त पडला, की घासात खडा लागल्यासारखे सर डोळे मिटून घेत. संध्याकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात ती थोरल्या भावाबरोबर जॅझ वाजवी. दादा डबल बासवर, म्हणजे माणसाएवढ्या उंच, खर्जाच्या तंतुवाद्यावर, आणि ड्रमवर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, ज्याला सगळे ठोक्या म्हणत. इथला न्याय उलटा. कालचंच आज वाजवलं, की ठोक्या विचारी, "काय गं, शिळं गरम करून आणलंस?"

वाद्यवृंदात तिचं नाव पडलं 'हॉटेलवाली', हॉटेलात 'शिलाई मशीन'. वर्षानुवर्षं हे हसून ऐकणारी बाई भोळी वाटेल, पण तसं काही नव्हतं. तिला दोन्ही हवं होतं, आणि जिला दोन्ही हवं असतं तिने भांडण टाळलेलंच बरं.

मग तिने स्वतःची पहिली रचना लिहिली. दहा तुकड्यांची, फक्त तिघांसाठी: ती, दादा आणि ठोक्या. सरांनी आपल्या रविवारच्या कार्यक्रमात तिला जागा दिली खरी, पण बजावलं, "यानंतर ठरव. दोन डगरींवर पाय ठेवून कोणी पलीकडे गेलेलं मी पाहिलं नाही. माझ्याकडे राहायचं तर हॉटेल बंद."

दादाही काही कमी नव्हता. "तुझे सर म्हणजे जमिनीची मोजणी करणारा माणूस. जायचं तर जा बाई, पण मला वेळेवर सांग. दुसरा पियानोवाला शोधावा लागेल."

चिमीला एक सोडायचं म्हणजे एक हात कापून द्यायचा, आणि कोणता ते यांना रविवारी संध्याकाळी कळायला हवं होतं.

तालमीत दादाला आणि ठोक्याला मोजणं काही केल्या जमेना. सातव्या फेरीला एकाची सहावी असे आणि दुसऱ्याची नववी. शेवटी तिने हात टेकले. "मोजू नका. मी मान हलवली की पुढच्या तुकड्यावर जा. तोवर जिथे आहात तिथेच राहा."

रविवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, मांडीवर बोटं ठेवून मोजायच्या तयारीत.

चिमीने पहिला तुकडा सुरू केला. दादाने खालचा सूर धरला, पण हॉटेलातल्या सवयीने प्रत्येक वेळी किंचित उशिरा. तालमीत ती यावर चिडली असती. आज त्या उशिराने तिचा कोरडा तुकडा झुलायला लागला, आणि ती ऐकतच राहिली. स्वतःचं लिहिलेलं तिला पहिल्यांदाच एवढं आवडलं होतं. ठोक्या ब्रशने ड्रम कुरवाळत होता.

दादा डोळे फाडून तिच्या मानेकडे बघत होता. ठोक्याच्या भुवया कपाळावर गेल्या. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. मान हलवायची राहिली होती! निम्मा वेळ संपला होता आणि नऊ तुकडे तसेच पडले होते.

आताही हलवता आली असती. उरलेलं उरकून टाकता आलं असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं. तिने मान ताठ ठेवली. डाव्या हाताने तोच तुकडा, एकही सूर न बदलता, अगदी सरांच्या शिस्तीत. आणि उजवा हात तिने मोकळा सोडला.

तो हात सरांकडच्या इतक्या वर्षांची उपासमार भरून काढत सुटला. कधी खोडकर, कधी रडवेला, कुठे जाईल ते तिलाही माहीत नव्हतं. पण कितीही लांब गेला तरी डावा घरीच होता. "अस्सं!" ठोक्या मोठ्याने ओरडला, भर सभागृहात. चिमी हसत होती आणि तिचे गाल ओले झाले होते. उजवा आणि डावा, दोन्ही तिचेच होते.

संपल्यावर अख्खं सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात.

आतल्या खोलीत सर आले तेव्हा दादा मान चोळत होता. तिच्याकडे बघून बघून ती आखडली होती.

"बाकीचे नऊ कुठे गेले?" सरांनी विचारलं.

"मान हलवायला विसरले, सर."

"मला वाटलंच. आधी मी मनात म्हणत होतो, हलव, हलव." सर खुर्चीवर बसले. "नंतर भीती वाटायला लागली, ही आता हलवते की काय."

सरांनी दादाकडे आणि ठोक्याकडे बोट दाखवलं.

"सोमवारी तालमीला ये. या दोघांनाही आण."

"आम्हाला मोजता येत नाही, सर," दादा म्हणाला.

सरांनी चष्मा काढून पुसला. "आज माझंही चुकलं," ते म्हणाले.