हिरवा ठिपका

या घरातल्या आक्कांच्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी मी इथे आलो. मी एक जुना माउस आहे, संगणकाचा. मित्रांनो, हसू नका. नाव उंदराचं असलं तरी मी कधी कुणाचं काही कुरतडलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या पट्ट्यावर झाला. कुणीतरी माझ्या पोटात लाल दिवा बसवला, शेपटीसारखी वायर जोडली आणि मला खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं बापूंनी. बापू पाण्याच्या नळांचे नकाशे काढत. रस्त्याखालून कोणता नळ कुठे वळतो हे जुन्या कागदांवरून मोजायचं आणि माझ्या मदतीने पडद्यावर उतरवायचं, हे त्यांचं काम. मी सरकलो की पडद्यावरचा बाण सरके. "याच्यावर हात बसलाय माझा," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि मला धन्य वाटे.

मग बापूंना हृदयाचं दुखणं लागलं. "पुन्हा छातीत दुखलं तर एक क्षण दवडू नका," असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून ते घरूनच काम करू लागले. घरात दोघंच, ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का त्याच कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होत्या. सकाळी त्या गेल्या की घरात फक्त बापू आणि मी.

कचेरीच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असे. माणूस कामात असला की हिरवा, माउस बराच वेळ हलला नाही की पिवळा. बापू पट्टी घेऊन कागदावर वाकले की मी नुसता पडून राही आणि ठिपका पिवळा होई. लगेच साहेबांचा फोन.

"काय हो, डुलकी लागली का?"

"मोजतोय साहेब. डोकं खाली आहे."

"मोजा की! पण आम्हाला दिसलं पाहिजे ना."

तो फोन ठेवतात न ठेवतात तोच आक्कांचा. "बापू, बरा आहेस ना रे? पिवळा दिसलास की मला काम सुचत नाही. हिरवा झालास की जीव भांड्यात पडतो."

"आक्का, मी काय चौकातला सिग्नल आहे का?"

शेवटी बापूंनी संगणकालाच एक काम शिकवलं. त्याने त्या एवढ्याशा ठिपक्याचा रंग बघत राहायचं. पिवळा झाला की बाण आपणहून हलवायचा, हिरवा झाला की थांबायचं. "आता साहेब गप्प आणि आक्का निर्धास्त," बापू स्वतःशीच हसले. आक्कांना मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पुन्हा काळजी करत बसल्या असत्या.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी शहारलो. मी जागचा हललो नव्हतो आणि बाण चालला होता. ठिपक्यापाशी जाऊन तो माशीसारखा थरथरला. ठिपका हिरवा झाला. बाण निमूट थांबला. मित्रांनो, आपली सावली आपल्याला सोडून फिरायला गेली तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. त्यानंतर नकाशा काढण्यापुरताच बापूंचा हात माझ्यावर येई.

आणि एक दिवस बापूंनी एकाएकी मला घट्ट धरलं. दुसरा हात फोनकडे गेला, पण पोचला नाही. डोकं टेबलावर टेकलं. ठिपका पिवळा झाला. राहू दे पिवळा, मी मनात म्हटलं, आता आक्कांचा फोन येईल.

बाण चालू लागला. ठिपका हिरवा झाला.

पडद्यावर आक्कांचा निरोप उमटला, "जेवलास का?" काही वेळाने दुसरा, "हिरवा दिसतोयस म्हणजे कामात असशील. सावकाश जेव."

माझ्यावरचा हात गार होत गेला. पिवळा, बाण, हिरवा. पिवळा, बाण, हिरवा.

दिवस कलल्यावर आक्का आल्या. दारातून त्यांना भावाची पाठ दिसली आणि पडद्यावर हलणारा बाण. "पुरे आता. मान मोडेल अशाने," असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. कप घेऊन आल्या तेव्हाही बाण हलत होता. "अरे, तुझ्याशी बोलतेय मी!" त्यांनी खांद्याला हात लावला. कप खाली पडला.

"दुपारीच कळलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

त्या धांदलीत संगणक कुणी बंद केला नाही. तीन दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "आक्का, त्यांचा ठिपका अजून हिरवाच आहे हो. इथे कुणी पडद्याकडे बघायला तयार नाही."

आक्का रिकाम्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी कशालाच हात लावला नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत ठिपका पिवळा झाला आणि बाण निघाला. "कोण आहे रे?" त्या पुटपुटल्या. मग त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

मित्रांनो, हल्ली मी एका बंद कपाटात असतो. आमची धूळ पुसा, आम्हाला आपटू नका, एवढं तर मी सांगेनच. पण आपल्या माणसाची खुशाली यंत्राला विचारू नका. हाक मारा आणि ओ येईपर्यंत थांबा. तुमच्या वतीने ओ द्यायला यंत्राला शिकवलंत, तर निदान घरच्यांना तसं सांगून ठेवा.

बापू गेले ते फेब्रुवारीतल्या मंगळवारी, दुपारी, जेवणाआधी. कचेरीत मात्र ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत हजर होते.