मेश्रामचं पनीर

जितेंद्रने नवं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि भावनाकडे सरकवलं. चकचकीत, हिरवं. वर गाईचं चित्र, त्याखाली त्याच्या दुकानाचं नाव. भावनाने ते उलटून पाहिलं. दूध म्हशीचं होतं, ते एक सोडा. तिचं नाव कुठेच नव्हतं.

कळमेश्वरजवळच्या गावातून ती रोज सकाळी स्कूटीवर पनीर घेऊन नागपूरच्या सदर भागात यायची. जितेंद्रच्या दुकानात ते परातीतून सुटं विकलं जाई आणि जेवणवेळेच्या आत संपे. बाजारात पामतेलाचं स्वस्त पनीर बोकाळलं होतं, तव्यावर टाकलं की रबरासारखं ताणलं जाणारं. त्यामुळे लोक मुद्दाम विचारत, ते गाववालं आलं का? आता पाकिटातून विकायचं ठरलं तेव्हा तिला वाटलं होतं, चला, आपलं नाव छापून येईल. परवानाही तिच्याच नावाचा होता.

तिने तसं विचारल्यावर जितेंद्र घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाहा ताई, मले काहीच नाही. मी तं तुमच्याच हातचं घरी नेतो. पण पाकिटावर मेश्राम दिसलं का काही गिऱ्हाईक हात मागे घेतेत. लगनाचे, पूजेचे ऑर्डर राहतेत. समजून घ्या ना." त्याने भावही वाढवून देऊ केला.

भावनाला समजत होतं. आडनाव ऐकलं की नागपुरात माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. विचार करून सांगते म्हणून ती निघाली.

घरी नवऱ्याला, संघपालला, हे फार मोठं वाटलं नाही. तो कळमेश्वरच्या एमआयडीसीत कंपनीत होता आणि असल्या गोष्टी गिळायची त्याला सवय होती. "नावानं भाजीले चव येते का?" तो म्हणाला. "विकल्या जाते ना, मंग झालं." म्हशी घेतल्या त्याच्या पगारावर, जितेंद्रचं दुकान तुटलं तर एवढं पनीर जाणार कुठे, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

सासू तुळसाबाई दारात बसून ऐकत होती. तिच्या सासऱ्याने छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून या घरात कुणाच्या पाया पडणं बंद झालं होतं. पण घरचं दूध गावात कुणी घेत नव्हतं ते नव्हतंच. ते जायचं डेअरीच्या टँकरमध्ये.

"जलमभर टँकरात मिसळून विकलं म्या दूध," ती म्हणाली. "त्यात गेलं का कोनाचं हाय ते कोनी पुसत नोतं. आता तुह्या हातानं वेगळं झालं, तं पुन्हा काहून मिसळून राहिली वं?"

संघपाल उठून बाहेर गेला. भावनाने दुसऱ्या दिवशी जितेंद्रला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि स्वतःची पाकिटं छापायला टाकली. साधी, पांढरी. वर ठळक अक्षरांत भावना संघपाल मेश्राम, खाली गावाचं नाव. छापणाऱ्याने विचारलं, आडनाव एवढं मोठं पाहिजे का? ती म्हणाली, दुरून वाचता आलं पाहिजे.

पाकिटं आली त्या दिवशी ती जितेंद्रच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बर्फाची पेटी घेऊन उभी राहिली. एप्रिलचं ऊन होतं. ओळखीची गिऱ्हाइकं दुकानातून परत फिरत, तिला पाहत, रस्ता ओलांडत. कुणी पाकीट घेतलं. कुणी वाचलं, आज नको म्हणालं आणि गेलं. बँकेतली एक बाई नाव वाचून हसली आणि काही न विचारता दोन घेऊन गेली.

मग कुसुमताई आल्या. भावनाचं पनीर आल्याशिवाय दुकानातून न हलणाऱ्या, नातवाला तेच लागतं म्हणणाऱ्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"अगं, कागदात गुंडाळून दे," त्या म्हणाल्या.

"कागदात नाही देत, ताई. आहे तसंच न्या."

कुसुमताईंनी पाकीट हळूच परत ठेवलं. त्यांनी बोटं पदराला पुसली. ती बर्फाने ओली झाली होती म्हणूनही असेल. भावनाने त्यांना कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. मग तिने पेटीचं झाकण लावलं.

दुपार कलली तेव्हा पेटीत बर्फाचं नुसतं पाणी उरलं होतं आणि त्यात निम्मी पाकिटं तरंगत होती. जितेंद्र स्वतः रस्ता ओलांडून आला. वाईट माणूस नव्हता तो. उरलेलं मी परातीत टाकतो म्हणाला, घंटाभरात संपते, उगाच खराब काहून करता?

"खराब झालं तं माह्या नावानं खराब होईल," भावना म्हणाली आणि पेटी स्कूटीला बांधू लागली.

संध्याकाळी तुळसाबाईने उरलेल्या साऱ्या पनीरची मोठ्या गंजात भाजी केली. शेजारपाजारच्यांनी आपापल्या घरून भाकरी आणल्या आणि अंगणात बसून जेवले. कुणी काय झालं ते विचारलं नाही. दुसऱ्यांदा वाढून मात्र घेतलं. संघपाल मान खाली घालून जेवला आणि ताट स्वतः घासून ठेवलं.

सकाळी भावनाने आदल्या दिवशीइतकंच दूध तापायला ठेवलं. संघपाल घरात नव्हता. दूध फाटून फडक्यात बांधेपर्यंत त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला. मागे गोणपाटात बांधलेली बर्फाची लादी होती, कालच्यापेक्षा चांगली दुप्पट. त्याने ती उचलून पेटीत ठेवली, वर भुसा दाबला. कंपनीचा शर्ट पाठीपासून कमरेपर्यंत भिजून अंगाला चिकटला होता. बदलायला वेळ नव्हता. तो तसाच ड्युटीवर गेला.