ज्ञानदेवचं कार्ड

मी कुमारांची कादंबरी बोलतेय. वय वर्षं बारा ते सोळा. माझं नव्हे हो, वाचणाऱ्याचं! तसं कव्हरवरच छापलंय. पण खरं सांगते, १९७४ साली पुण्याहून पिंपरीच्या कामगार वाचनालयात आले, तेव्हापासून त्या वयाच्या पोरांनी मला दोनदाच हात लावला. त्यातही एकदा कॅरमच्या स्टँडचा पाय हलत होता म्हणून.

मला वाचलं ते मिशीवाल्यांनी. ग्रंथपाल शालनबाईंनी दर गुरुवारी, म्हणजे कंपन्यांच्या सुट्टीला, वाचनमंडळ सुरू केलं. जाडजूड पुस्तकं काढली की माणसं पेंगायची. एकदा बाईंनी मला उघडलं. घरातून पळून होडीवर कामाला लागलेल्या पोरीची माझी गोष्ट. पेंगणारे ताठ बसले.

पण नियम असा, की कुमारांची पुस्तकं घरी न्यायची ती फक्त मुलांच्या कार्डावर. मग काय, ज्यानं त्यानं आपापल्या पोरांची कार्डं काढली आणि मंडळात बोलणंही पोरांच्याच नावानं सुरू झालं. "आमच्या थोरल्याला रडू आलं बघा," असं फाउंड्रीतला कोंडाजी सांगायचा. कुणाला रडू आलं, ते माझ्या ब्याऐंशीव्या पानाला विचारा. थोरला तेव्हा विटीदांडू खेळत होता.

लेथवरच्या चिमाजीला मूलच नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झालेली. शालनबाईंनी मुलाचं नाव विचारलं, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, ज्ञानदेव, वय तेरा. बाईंना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी निमूट लिहून घेतलं.

पुढं ज्ञानदेवनं इतकं वाचलं, की वार्षिक समारंभाला अध्यक्ष उद्धवरावांनी रजिस्टर बघून त्यालाच उत्तम बालवाचकाचं बक्षीस जाहीर केलं. बापाच्या नावासकट पुकारा झाला. टेबलावर शोभेला मलाही मांडलं होतं, त्यामुळे शालनबाईंचा पांढराफटक चेहरा मी जवळून पाहिला. खोटं कार्ड उघडं पडलं, तर त्यांची नोकरी जाणार आणि मंडळही बंद होणार. चिमाजी उठेना. उद्धवरावांनी विचारलं, "अहो, मुलगा आहे कुठे?"

बायकांच्या बाजूनं चिमाजीची बायको सोजरबाई उठली. आपल्याला ज्ञानदेव नावाचा मुलगा आहे, हे बिचारीला त्याच क्षणी कळलं होतं.

"मामाकडं गेलाय, राजगुरुनगरला," ती म्हणाली. "मी त्याची आई हाय. माझ्याकडं द्या."

बक्षिसाची कंपासपेटी घेऊन ती पदर सावरत मंचावरून खाली उतरली. चिमाजी पुढच्या माणसाच्या पाठीआड ढसाढसा रडत होता. या खेपेला दुसऱ्या कुणाचं नाव सांगायची सोय नव्हती.

तेव्हापासून सोजरबाईही मंडळात येते. तिला वाचता येत नाही, ती ऐकते. ज्ञानदेवला पुस्तक कसं वाटलं, असं कुणी विचारलं की चिमाजीच्या आधी तीच सांगते, त्याला शेवट न्हाई पटला.

पण रजिस्टरातली पोरंही मोठी होतात, राव. चार वर्षांत ज्ञानदेव सतराचा झाला आणि कार्ड बाद झालं. परवा शालनबाईंनी हळूच विचारलं, धाकटं कुणी आहे का? चिमाजी बायकोकडं बघू लागला.

"कस्तुरा," ती म्हणाली. "लिवा, बारा वर्सांची."

माझी शिवण आता उसवलीय, पानं गळायला आलीत. बाइंडिंगला न्यायचं तर खुशाल न्या मला, पण गुरुवारच्या आत परत आणा. कस्तुराला अजून माझं पहिलं पानही ठाऊक नाही.