आपोआप साफसफाई

नवऱ्याने ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला, त्यावर लिनक्स ही फुकटातली प्रणाली चढवली, तो चपलांच्या कपाटात बसवला आणि त्याला सर्व्हर म्हणायला लागला. घरादाराचे फोटो, कागदपत्रं, आवाज, सगळं त्याच्या पोटात. सुरुवातीला दर रविवारी तो त्याच्यासमोर मांडी ठोकून अपडेट टाकायचा, कचरा काढायचा. स्वतःच्या कपाटातला कचरा त्याला कधी दिसला नाही, ती गोष्ट वेगळी.

मग हेही काम त्याने सर्व्हरच्याच गळ्यात घातलं. "आता बोटसुद्धा लावायचं नाही. अपडेट आपोआप, सफाई आपोआप, दुसऱ्या डिस्कवर नक्कल आपोआप." हे आपोआप व्हावं म्हणून कितीतरी रविवार त्याचं जेवण गार झालं.

बायको घरीच शिवणकाम करायची. एका दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, अण्णांचा तो मशीनबद्दल बोललेला आवाज पाठव ना. फार आठवण येतेय गं."

अण्णा, म्हणजे वडील, शिंपीच. ते जाण्याआधी तिने त्यांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड केलं होतं आणि ते रेकॉर्डिंग जपून सर्व्हरवर ठेवलं होतं. ऐकायचा मात्र धीर झाला नव्हता. आज शोधलं, तर फोल्डरच नाही.

"अहो, अण्णा कुठायत?"

नवऱ्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. "तू ते वर्षभरात उघडलं नव्हतंस का?"

"नाही. का?"

"वर्षभर न उघडलेलं सर्व्हर काढून टाकतो. कुणाला नकोच असतं ना."

"तुमचा लग्नातला कोट कधी उघडलात?"

तो पुन्हा स्क्रीनकडे वळला.

"डिस्कवर असेल ना?"

"तिथे रोज हुबेहूब नक्कल होते," त्याचा आवाज खोल गेला. "इथलं गेलं की तिथलंही जातं."

दुसरी डिस्क तिच्या शिवणाच्या टेबलाखाली असायची. तो तिथे घुसला आणि तिथूनच ओरडला, "डिस्कची पिन कुणी काढली?"

"मी. इस्त्रीला जागा नव्हती."

"कधी?"

"काय माहीत! झाले असतील महिने."

तो पिन लावायला गेला, तशी ती कडाडली, "थांबा! आधी तुमचं ते आपोआप बंद करा!"

त्याने केलं. मग पिन लावली. डिस्कवर फोल्डर जागच्या जागी होतं.

"पण सर्व्हरने सांगायला नको?" तो पुटपुटला.

सांगत होता बिचारा. रोज मेल करत होता, नक्कल झाली नाही म्हणून. पण त्या मेल वाचायचा कंटाळा, म्हणून नवऱ्याने त्या आपोआप 'वाचलेल्या' होतील अशी सोय केली होती.

"आता मी असं करतो," त्याला पुन्हा हुरूप आला, "हे फोल्डर दर महिन्याला आपोआप उघडेल. तुला काही करायला नको."

"नको. मीच उघडते."

तिने बहिणीला फोन लावला आणि तो स्पीकरपाशी धरला. आधी अण्णांचा खोकला आला. मग, "चालू झालं का गं हे? हां. दोरा ओवताना घाई करायची नाही, बाळ. आणि मशीन अडलं तर मेकॅनिक बोलाव. जावईबापूंना उघडू देऊ नकोस."

फोनमधून बहिणीचं हसू फुटलं, रडण्यात मिसळलेलं. तिचंही तेच झालं.

नवऱ्याने काही ऐकलंच नाही असं दाखवलं. पाठ करून बसून तो सर्व्हरच्या प्रोग्रॅममधली सफाईची ओळ खोडत होता, एकेक अक्षर, हाताने.