टोपलीतली घड्याळं

टायरच्या जुन्या गोदामात दीडशे माणसं मांडीला मांडी लावून बसली होती आणि एकाच्याही मनगटावर घड्याळ नव्हतं. दारात वेताची मोठी टोपली ठेवली होती. घड्याळ, मोबाईल, वेळ सांगणारं जे काही असेल ते तिच्यात टाकायचं आणि मगच आत यायचं. खिडक्यांना जाड काळे पडदे होते. वर एकच पिवळा दिवा होता.

"काटा फिरतो तशी नस पिळते," फुंकरबुवा समजावत होते. "नस पिळली की तोंड वाकडं, हात लुळा. माझ्या फुंकरीला काटा चालत नाही, डॉक्टर चालत नाही आणि गोळी तर मुळीच नाही. ज्याला गोळीची गोडी, त्याने गोळीच चघळत बसावं."

लोक हसले. बुवांनी लांब बाहीचा झगा सावरला आणि बोट केलं. "घड्याळजी, उठा. सांगा यांना."

घड्याळजी उठला. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आयुष्यभर सेकंदकाट्याशी संसार केलेला हा माणूस, पण टोपलीत सगळ्यांच्या आधी घड्याळ टाकणारा तोच. शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवायलाही तिनेच शिकवलं होतं.

"तीन महिन्यांपूर्वी काम करताना ताईच्या हातातून चिमटा पडला," तो म्हणाला. "उजवा हात लुळा, ओठ लोंबलेला, बोलणं बोबडं. तसंच उचलून इथे आणलं. बुवांनी कानात फुंकर मारली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ताई उठून उभी. ताई, हसून दाखव."

ताई हसली. दोन्हीकडून सारखं. मागच्या रांगेत एक बाई रडू लागली.

ही साक्ष त्याने आजवर दहा-बारा वेळा दिली असेल. पहिल्यांदा तो 'थोड्या वेळाने' म्हणाला होता, मग 'लगेच' झालं, आणि आता तर पातंही लवेना. कोणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. टाळ्या वाढत गेल्या तसा वेळ आपोआप आटत गेला.

"तू फार रंगवतोस रे," परतताना ताई म्हणाली. "बसून बसून माझी पाठ धरली होती त्या दिवशी. आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्यापासून डोकं जड असतं बघ."

"बुवा म्हणाले ना, गोळी म्हणजे अविश्वास."

त्या गोळ्या त्याने स्वतः, बुवांच्या देखत, गटारात ओतल्या होत्या.

मंगळवारी पावणेदहाला दुकान उघडलं. ताई चहा पीत होती, तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून पदरावर सांडला. ती काहीतरी म्हणाली, पण त्यातला एकही शब्द कळला नाही. घड्याळजीने तिला धरून टॅक्सीत बसवलं. ताईने धडधाकट डावा हात उचलून चौकापलीकडे बोट दाखवलं. तिथे इस्पितळ होतं, चालत पाच मिनिटांवर.

"हो हो, नेतो," असं म्हणत त्याने टॅक्सी गोदामाकडे वळवली.

बुवांनी फुंकर मारली. पुन्हा मारली. गाल फुगवायचे, कानाशी वाकायचे, फुस्स करायचे, मग डोळे मिटून बसायचे. बुवा खाली वाकले की घड्याळजीला बारीक टिकटिक ऐकू यायची. आपल्या धंद्याचेच कान वाजत असतील, असं त्याला वाटलं. ताईच्या तोंडातून लाळ गळत होती आणि तो ती पुसत बसला होता. शेवटी बुवा उठले.

"यांच्या घरात अविश्वास शिरलाय," ते लोकांना म्हणाले. "न्या यांना."

इस्पितळात डॉक्टरबाईंनी ताईचा हात उचलून सोडला. तो धपकन पडला.

"कधी सुरू झालं?"

"पावणेदहाला. दोनेक तास झाले असतील."

डॉक्टरबाईंनी भिंतीकडे बोट केलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मेंदूचा फोटो निघाला. रक्ताच्या गुठळीने रक्तवाहिनी बंद केली होती. "ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिल्या तासात आणलं असतंत तर बरंच काही वाचलं असतं. आता तो भाग मेला. याआधी कधी असं झालं होतं?"

त्याने पातं लवण्याची कथा सांगितली.

"घड्याळ पाहिलं होतं?"

"टोपलीत होतं," तो म्हणाला.

"गुठळी कधीकधी छोटी असते. अडकते आणि आपोआप सुटते. दहा मिनिटांत, अर्ध्या तासात, कधी तासा-दोन तासांत. फुंकर मारा, नका मारू, माणूस बरा दिसतो. पण ती सूचना असते, की मोठी गुठळी येतेय. त्याच दिवशी आला असतात तर तपासलं असतं, औषध दिलं असतं, गोळ्या चालू ठेवल्या असत्या. तुम्ही कुठे होतात?"

"टाळ्या घेत होतो," घड्याळजी म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो गोदामात गेला. या वेळी त्याने टोपलीत काही टाकलं नाही. एका बसड्रायव्हरचं तोंड वाकडं झालं होतं, त्याची बायको त्याला धरून बसली होती. बुवा गाल फुगवून वाकले आणि टिकटिक आली. घड्याळजीने पुढे होऊन त्यांची बाही कोपरापर्यंत सारली.

मनगटावर घड्याळ होतं. चावीचं, जाड काचेचं.

"तुमची नस नाही का पिळत, बुवा?" तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. "हे घड्याळ लावून बसतात. आपोआप सुटणारी गुठळी दोन तासांत सुटते, तेवढा वेळ आणि वर आणखी थांबतात. सुटली की चमत्कार, नाही सुटली की तुमचा अविश्वास. आपल्याला वेळ कळू नये म्हणून टोपली. माझी ताई साडेपाच तास गेल्यावर इस्पितळात पोचली."

"स्वतःच्या पापाने बहीण लुळी पडली आणि खापर माझ्यावर," बुवा ओरडले. चारपाच जणांनी घड्याळजीला धरलं. ओठ फुटला, चष्मा पायाखाली गेला. तरी तो ड्रायव्हरच्या बायकोला सांगत राहिला, "वहिनी, छत्तीस मिनिटं झालीत. मी मोजलीत. यांना इस्पितळात न्या."

ती उठली आणि नवऱ्याला ओढत बाहेर घेऊन गेली. तिच्यामागून आणखी कोणी उठलं नाही. दीडशेतली एक.

आता दुकानाच्या काचेवर घड्याळजीने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद आहे. 'हसायला सांगा, ओठ एकीकडे पडतो का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का बघा. एक वाक्य बोलायला लावा. काहीही बिघडलेलं दिसलं तर आधी घड्याळ बघा आणि थेट इस्पितळ गाठा. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी जा. रक्तदाबाची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.' काहीजण वाचतात. काहीजण अजून गोदामाचा पत्ता विचारतात.

ताई आत खुर्चीत बसलेली असते, उजवा हात मांडीवर टाकलेला. सगळी भाषा गेली, एकच शब्द उरला. भूक लागली, पाठ दुखली, भावाला हाक मारायची असली, तरी ती तोच म्हणते.

"किती?"

घड्याळजी प्रत्येक वेळी हातातलं काम ठेवतो, भिंतीकडे बघतो आणि तिला खरी वेळ सांगतो.