शेणाखालचं औषध

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे आणि गोड बोलणं माझ्या स्वभावात नाही. मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. हिवतापाने गावंच्या गावं फणफणत होती. तेव्हा सरकारने फवारणीसाठी खाकी कपड्यांतली माणसं नेमली. आज तुमच्या दारी आरोग्यसेवक येतो ना, त्याची सुरुवात ही अशी. बुलढाण्यातल्या पिंपळगाव राजा या गावाजवळच्या एका खेड्यात मी शंकररावांच्या हाती आलो. बौद्ध माणूस, कपडे कडक इस्त्रीचे, तोंडाने फटकळ. सरकारी कागदावर ते शंकरराव होते, गावाला मात्र शंकऱ्याच.

एकदा आम्ही कोकिळाबाईंच्या दारात उभे राहिलो. त्यांची सून प्रतिमा पोटुशी होती.

"शंकऱ्या, भाईरूनच मार."

"मच्छर आत बसते, बाई. सुनेसाठी तरी सरका."

खाकीला नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून बाई सरकल्या. सुनेच्या खोलीच्या भिंती मी औषधाने भिजवल्या. आम्ही अंगणात येतो न येतो, तोच बाई शेणामातीचं घमेलं घेऊन त्याच भिंती सारवायला लागल्या.

"औषध झाकलं जाते, बाई. काऊन सारवता?"

"तू घरात शिरला होता ना, म्हणून."

"राहू द्या ना, आत्याबाई," प्रतिमा म्हणाली. तिचं कोण ऐकतं!

आश्विनात तिला थंडी वाजून ताप भरला. पोटातल्या लेकरासकट ती गेली. तिचा नवरा उद्धव फवारणी खात्याच्या साहेबाकडे गेला आणि म्हणाला, शंकऱ्याने औषधाऐवजी चुना मारला. माझ्या पोटात म्हणे चुना! शंकरराव एवढंच बोलले, "साहेब, त्याईले औषध पाह्यजे होतं, मी नाही." साहेबाने त्यांची बदली दूर बीबी गावाकडे केली. मी कोठीत काळवंडत पडलो.

यंदा बुलढाण्याच्या एका प्रदर्शनात मला चिंचेने घासून काचेत मांडलंय. खाली पाटी लावलीय: 'आरोग्यसेवेची सुरुवात, गावकऱ्यांच्या सहकार्याने.' सहकार्य म्हणे! असलं सहकार्य वैऱ्यालाही न मिळो.

मित्रांनो, मला जपू नका. मी पितळ आहे, मला काही होत नाही. दारात औषध घेऊन माणूस आला, तर त्याची जात न विचारता वाट सोडा. प्रतिमाच्या भिंतीत औषध होतं. तिच्यापर्यंत ते पोचू दिलं नाही.