रुमालाखालचा सौदा

ब्याडगी मिरची, बोटाला रंग सोडणारी.

चमच्याने भरवलेलं वरण. हनुवटीवर ओघळलेलं.

लोणी काळभोरची मोकळी हवा.

लाल रुमाल, धुऊन धुऊन गुलाबी झालेला.

"त्यांना काही कळत नाही हो."

हे शेवटचं वाक्य इम्तियाजचं. बापासमोर, हेमाला उद्देशून. हेमा म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची व्यवस्था लावून द्यायची. भवानी पेठेतल्या घरी ती चौकशीला आली होती.

मुनव्वरभाईंची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली होती; कान शाबूत होते. उभा जन्म मार्केट यार्डात मिरचीची आडत केलेला माणूस. मुलगा आपला भाव परस्पर ठरवतोय, हे त्यांना कळणार नाही?

"लोणी काळभोरला वृद्धाश्रम बघितलाय," इम्तियाज म्हणाला. "त्यांची सोय होईल."

"कुणाची?" रझियाने विचारलं. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या या लेकीचा डबा रोज यायचा.

मुनव्वरभाईंनी उशीखालचा रुमाल ओढला, चांगल्या हातावर टाकला आणि हात मुलापुढे धरला.

"थंडी वाजतेय वाटतं," इम्तियाज बहिणीला म्हणाला. "पंखा बंद कर गं."

"वा! आडत्याचा मुलगा शोभतोस," म्हणत रझियाने रुमालाखाली हात घातला. यार्डातले जुने सौदे असेच व्हायचे, तोंड बंद आणि बोटं बोलकी. "अब्बा, लोणी काळभोर?"

हात झटकला गेला.

"घरीच? मदतीला माणूस ठेवून?"

हात थांबला. रझियाने आधी पाच बोटं दाबली, मग दोन. आठवडाभर माणूस. मुनव्वरभाईंनी तीन दिली. तिने चार. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, लुटले गेल्यासारखा सुस्कारा सोडला आणि चार कबूल केली. पहिल्यापासून त्यांना चारच हवी होती.

"चार दिवस माणूस," रझिया हेमाला म्हणाली.

"आणि उरलेले तीन?" हेमाने विचारलं.

मुनव्वरभाईंनी रुमाल उचलला, इम्तियाजच्या मनगटावर टाकला आणि आत हात घालून त्याची तीन बोटं घट्ट पकडली.

"अब्बा, अहो, कात्रजहून कसं जमणार? ऑफिस आहे! आणि मला हे बोटांचं काही येत नाही."

"तीन बोटं कळायला काय यावं लागतं?" रझिया म्हणाली. "त्यांना काही कळत नाही ना? मग सोडव की हात."

इम्तियाजने ओढून पाहिला. पकड यार्डातली होती. होकार आल्याशिवाय सुटायची नाही. मुनव्वरभाई त्याच्याकडे रोखून बघत होते, गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

"शनिवार, रविवार येतो," तो पुटपुटला.

पकड आणखी आवळली.

"बरं! सोमवारीपण. सोमवारी घरूनच काम असतं माझं."

हात सुटला.

लहानपणी, सहा वर्षांचा असताना, इम्तियाज एकदाच यार्डातल्या गाळ्यावर आला होता. मिरचीच्या ठसक्याने रडायला लागला, तेव्हा मुनव्वरभाईंनी रुमालाखालचा चालू सौदा होकाराआधीच सोडून त्याला खांद्यावरून घरी आणलं.